नागाचा उपवास

जखमी नागाने अन्न सोडले की आमच्या समाजातील श्रद्धाळू मंडळी दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर नागाने उपवास धरला आहे, म्हणजे तो कोणी साधासुधा जीव नसून पूर्वजन्मीचा कोणी अधिकारी पुरुष असला पाहिजे. नाही तर घरातल्या कोणाच्या हातून काही आगळीक घडली आहे आणि म्हणून देव रुसला आहे. पहिल्या निष्कर्षामागोमाग पेटीपुढे दक्षिणेचे तबक येते, दुसऱ्यामागोमाग पुरोहिताला बोलावणे जाते. हा प्राणी आजारी आहे, आणि ज्या हातांनी त्याला धरून ठेवले आहे त्या हातांचेच त्याला भय वाटते आहे, हा तिसरा निष्कर्ष मात्र सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. त्या तिसऱ्या निष्कर्षाची वकिली करण्यासाठी आम्ही आज उभे आहोत. आणि ती श्रद्धेविरुद्ध नसून श्रद्धेच्याच बाजूने आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

असे सांगावे लागते याचे कारण, सापाविषयी दोन शब्द बोलू लागणारा प्रत्येक मनुष्य देवधर्माची टवाळी करण्यासाठीच उभा राहिला आहे, असा आमच्या देवळांच्या मंडपात एक समज आहे. टवाळी करणारे आहेत, नाही असे नाही. परंतु ज्या गोमंतकात सातेरी देवीचे रूप म्हणजे गाभाऱ्यातले वारूळच, कोंकणीत जिला रोयण म्हणतात ती, तेथे नागपूजेला हसणाऱ्या माणसाने आधी आपल्या गावाचा इतिहास वाचावा. मातीच्या नागापुढे हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा नैवेद्य दाखवणारी गोव्यातली गृहिणी, पाटावर गंधाने नाग रेखून लाह्या वाहणारी बेळगावची किंवा इंदुरची सुवासिनी, त्या दिवशी चिरू नये, तळू नये, नांगर धरू नये हा नियम पाळणारा शेतकरी, यांच्यापैकी कोणाच्याही आचारात आम्हांला आक्षेपार्ह असे काही दिसत नाही. उलट, एक दिवस का होईना, जमिनीखालच्या जिवाला आपल्या लोखंडाचा उपद्रव होऊ नये अशी जी काळजी या आचारांत आहे, तिच्याच आधारावर आमचे पुढचे सगळे म्हणणे उभे आहे.

काही काळापूर्वी आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ सल्ल्यासाठी आले. सज्जन, नेमाने देवळात जाणारे, घरात कडक सोवळे. परसातल्या काकडीच्या मांडवाभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत एक धामण अडकली होती. शेजारी काठ्या घेऊन धावले, परंतु यांनी सर्वांना मागे सारले, कात्रीने जाळी कापली आणि तिला घरात आणून एका जुन्या काचेच्या टाकीत ठेवले. येथपर्यंत त्यांनी जे केले ते शंभरात एखादाच करतो. पुढे एकोणीस दिवस त्यांनी तिला वाटीने दूध पाजण्याचा प्रयत्न केला. घरातल्यांनी जखमेवर हळद दाबली. केळे कुस्करून झाले, तूपभात झाला. धामणीने कशालाच तोंड लावले नाही. तेव्हा कोणी सुचवले म्हणून जबड्यात चमचा घालून दूध ओतण्यात आले.

“वकीलसाहेब, हा गुन्हा होतो असे कोणी म्हणाले, ते खरे का?” असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही होय म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “गुन्ह्याचे पुढे बघू. पण ती जेवत का नाही, हे तुमचा कायदा सांगतो का?”

कायदा ते सांगत नव्हता. परंतु ती कोणाकडे सोपवावी हे सांगत होता. त्याच दिवशी वनखात्याला कळवण्यात आले आणि धामण पशुवैद्याकडे गेली. निघाले ते असे : कापलेल्या जाळीचा एक धागा मानेभोवती तसाच राहिला होता. सूज चढल्यावर तो खवल्यांखाली रुतून दिसेनासा झाला आणि त्याने अन्ननलिका आवळून टाकली. गिळणेच अशक्य होते. धागा निघाला, जखम धुतली गेली, आणि आम्हांला कळवण्यात आले त्याप्रमाणे नवव्या दिवशी रात्री, कोणी पाहत नसताना, तिने आपण होऊन एक उंदीर गिळला. एकोणीस दिवस ज्याला रुसवा समजून आर्जवे चालली होती तो गळ्यातला फास होता.

सापाने अन्न नाकारण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतले एकही गूढ नाही. साप आपल्या शरीरात उष्णता निर्माण करून ती राखू शकत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. पावसाळ्यात ओलसर फरशीवर ठेवलेल्या सापाला अन्न पचत नाही, आणि न पचलेले अन्न पोटात कुजते. म्हणून तो मुळात खातच नाही, किंवा खाल्लेले ओकून टाकतो. कात टाकण्यापूर्वी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ, निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही. त्या दिवसांतही तो खात नाही. तोंडात जखम होऊन ती चिघळली असेल, बरगड्या मोडल्या असतील, मादी अंड्यांवर आली असेल, तरी तेच. आणि या सर्वांवर कडी म्हणजे भीती. ज्या पेटीला चारी बाजूंनी काच आहे, जिच्यावर मुले बोटे आपटतात आणि जिच्यापुढे दिवसभर दर्शनाची रांग आहे, तेथे साप जेवेल कसा? लपायला जागा नसलेला साप जेवण्याचा विचार करीत नाही, सुटण्याचा करतो.

आमच्या मंडळींची खरी गफलत वेगळीच आहे. माणूस दोन दिवस जेवला नाही की घर हवालदिल होते. तोच हिशेब आपण सापाला लावतो. धडधाकट मोठा साप पाणी मिळाले तर आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनेही, अन्नावाचून काढतो. तेव्हा जखमी सापाच्या बाबतीत घाई करायची ती जखमेची, जेवणाची नव्हे. हा क्रम आपण उलटा करतो. जखमेवर हळद लावून ती झाकतो, आणि सगळी शक्ती त्याच्या तोंडात काही तरी कोंबण्यात खर्च करतो. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेजवळ, जबड्याच्या तळाशी, अगदी पुढे असते. वाटीने ओतलेला द्रव पोटात जाण्याआधी फुप्फुसाकडे जातो. आणि बहुतेक सापांना कामाचे फुप्फुस एकच, उजवे, असते. बळजबरीने पाजलेले दूध म्हणजे या प्राण्याला कोरड्या जमिनीवर बुडवणे होय.

आता दुधाविषयी, कारण सगळ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. दूध देणे आणि पिणे हे सस्तन प्राण्यांचे काम. सापाच्या पिलाला आईचे दूध ठाऊक नसते आणि मोठ्या सापाच्या पोटाला ते पचवता येत नाही. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही गोष्ट आम्हीही लहानपणी ऐकली आहे. परंतु ज्या तोंडाला चोखण्यासाठी ओठ नाहीत आणि ज्यात मागे वळलेल्या सुईसारख्या दातांच्या रांगा आहेत, त्या तोंडाला कोणती म्हैस उभी राहू देईल, एवढा विचार करावयास प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. साप मांसाहारी आहे. उंदीर, बेडूक, सरडा, पक्षी, आणि तेही अख्खे. हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही आपण त्याच्यापुढे दूध ठेवतो, कारण उंदीर आपल्या घरात आणता येत नाही. म्हणजे नागाला काय हवे हा प्रश्नच नसतो. आपल्याला काय चालेल एवढाच प्रश्न असतो. आपल्या सोवळ्यात आपण नागाला बसवतो, आणि तो बसत नाही म्हणून त्याला उपवासी ठरवतो. ज्याला त्याचे अन्न देणे आपल्या धर्माला परवडत नाही, त्याला घरात ठेवून घेण्याचा अधिकार आपला धर्म आपल्याला कोठून देणार?

“परंतु गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे,” असे येथे कोणी म्हणेल. पाहिले असेल. त्या नागाला पंचमीपूर्वी कित्येक दिवस पाण्याचा थेंबही मिळालेला नसतो. तहानेने प्राण कंठाशी आलेला जीव पुढे आलेला कोणताही द्रव पितो. त्याचे विषदंत चिमट्याने उपटलेले असतात, काही वेळा तोंड दोऱ्याने शिवलेले असते, आणि उपटल्या जागी हिरड्या कुजू लागलेल्या असतात. अर्थात पंचमीला दारावर येणारा नाग हाच मुळी जखमी आणि अन्न सोडलेला नाग असतो. तो आपल्या पूजेसाठी जखमी केलेला असतो, एवढाच काय तो भेद. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर केवळ एक पारदर्शक खवला असतो. त्यावर आपण हळदकुंकू टाकतो. पंचमी झाल्यावर ती टोपली कोठे जाते, हे विचारण्याची तसदी आजवर किती यजमानांनी घेतली? गारुड्यावर सगळा दोष लोटणे सोपे आहे, आणि म्हणूनच आम्ही तो लोटणार नाही. कायद्याने त्याचा पिढीजात धंदा काढून घेतला आणि त्याच्या हातात दुसरे काय दिले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु टोपली दारात येते ती दारात पैसा पडतो म्हणून, आणि तो पैसा टाकणारा हात गारुड्याचा नसतो.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणेही येते; मारलेच पाहिजे असे नाही. ३९ व्या कलमाप्रमाणे असा वन्य प्राणी सरकारची मालमत्ता असतो, आणि तो कोणत्याही मार्गाने ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग आणि धामण हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत; त्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत गुन्हा शाबीत झाल्यास शिक्षा किमान तीन वर्षांची आणि कमाल सात वर्षांची, वर किमान २५,००० रुपये दंड. ‘पाळीव नाग’ असा शब्दप्रयोग मराठीत करता येईल, कायद्यात करता येणार नाही. आमच्या सीमाभागात कोणती गोष्ट कोणत्या राज्याची, यावर आयुष्ये गेली. या अधिनियमाला तो वाद ठाऊकच नाही. बेळगाव, फोंडा, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, सर्वत्र एकच कलम आणि एकच मुदत. जखमी सापाला उचलून सुरक्षित ठेवणारा व तत्काळ कळवणारा मनुष्य हा कायद्याचा शत्रू नव्हे. दयेची मुदत ४८ तास आहे; त्यापुढे तिचे नाव ताबा.

“आमच्या धर्माचरणात सरकारने का पडावे?” हा आक्षेप आम्ही न्यायालयाबाहेर जितक्या वेळा ऐकला आहे तितका आत ऐकलेला नाही, आणि त्याला कारण आहे. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचा आवश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवायचे, असे सांगितले. ठीक आहे, तसेच ठरवू. जिवंत नाग पकडून, पेटीत घालून, त्याच्या घशात दूध ओतावे, असे कोणत्या सिद्धांतात आहे? नागपूजा आहे, ती मातीच्या, पाषाणाच्या, गंधाच्या नागाची किंवा वारुळाची आहे. नागाने आपल्या दारी यावे अशी तीत अट नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने धर्माने सांगितलेल्या रीतीने प्राणी मारण्याला सूट ठेवली आहे, हे खरे. परंतु ती मारण्यापुरती आहे. प्राण्याला धर्माच्या नावाने तिळतिळ उपाशी ठेवण्याची सूट त्या कायद्यातही आम्हांला सापडलेली नाही.

बत्तीस शिराळ्याचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावची जिवंत नागाच्या पूजेची परंपरा जुनी आहे आणि गावकऱ्यांची नागावरची माया खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथील जिवंत नागांच्या मिरवणुका आणि खेळ थांबले. २०२५ साली केंद्र सरकारने मर्यादित संख्येने नाग पकडण्यास जी परवानगी दिली ती शिक्षणाच्या हेतूसाठी होती, खेळासाठी किंवा स्पर्धेसाठी नव्हे. ज्यांना त्या परवानगीत आपल्या पेटीतल्या नागासाठी आधार दिसतो त्यांनी तो हुकूम चष्मा लावून पुन्हा वाचावा.

एक वर्ग आणखी आहे, ज्याला श्रद्धेची सबब नाही. गळ्यात नाग घालून, त्याच्या फण्याचे चुंबन घेत छायाचित्रे काढवून घेणारे काही तरुण स्वतःला सर्पमित्र म्हणवतात. खरे सर्पमित्र अनेक आहेत. ते रात्री दोन वाजता बोलावले तरी येतात, साप घेऊन जातात, आणि त्यांची छायाचित्रे कोठे छापून येत नाहीत. या दोघांना एका नावाने हाक मारणे आपण थांबवले पाहिजे. विषदंत काढला म्हणून नाग निर्विष होत नाही, दंत पुन्हा येतो. आणि अर्धमेला नागही चावतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० च्या आसपास, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्या आकड्यात भर घालण्यासाठी देवळाच्या ओवरीत काचेची पेटी ठेवण्याचे कारण नाही.

जखमी सापाशी कसे वागावे, हे पाश्चात्यांकडून शिकण्याची आम्हांला लाज वाटत असेल तर महाभारत आहे. नारदाच्या शापाने हालचाल खुंटलेला कर्कोटक वणव्यात सापडला आहे आणि नलराजाला हाक मारतो आहे. नल आगीत शिरतो, त्याला उचलतो, आगीबाहेर आणतो. पावले मोजत चाल, असे कर्कोटक सांगतो आणि दहाव्या पावलाला त्याला डसतो. हा दंशही शेवटी उपकारच ठरतो, कारण त्याचे विष नलाला न जाळता त्याच्या अंगात शिरलेल्या कलीला जाळते. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळा आहे. नलाने त्या नागाला आगीतून काढले. घरी नेले नाही. त्याचे घर आपले घर, त्याचे अन्न आपले अन्न, असे मानले नाही. वणवा संपतो तेथवर नेले. आमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांनी जाळी कापली तेथे त्यांची दहा पावले पूर्ण झाली होती. अकरावे पाऊल त्यांनी वनखात्याच्या दिशेने टाकायला हवे होते, ते स्वयंपाकघराच्या दिशेने पडले. आस्तिकाचेही तसेच. जनमेजयाच्या सर्पसत्रात तक्षक आगीत पडणार इतक्यात ‘थांब’ म्हणून त्याला अधांतरी रोखणारा आणि राजाकडून वर मागून ते सत्र बंद पाडणारा हा मुलगा, आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचे तर, मनाईहुकूम मिळवणारा आद्य वकील. त्याने नागांसाठी एवढेच मागितले की त्यांना जाळणे थांबवा. त्यांची सेवा करू द्या, असे मागितल्याचे आमच्या वाचनात नाही.

तेव्हा देवस्थान समित्यांकडे आमचे मागणे मोजके आहे. आपल्या क्षेत्रातल्या वनकचेरीचा आणि खात्याने मान्य केलेल्या सर्पमित्राचा दूरध्वनी क्रमांक देवळाच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. जखमी साप सापडल्याचे कोणी सांगत आले तर त्याला हात न लावता, गर्दी दूर ठेवून, त्या क्रमांकाला कळवावे. जाणता मनुष्य येऊन त्याला पेटीत घालील तेव्हा हाताशी असावी म्हणून हवा खेळेल अशी झाकणाची एक लाकडी पेटी आणि जाड सुती पिशवी भांडारात ठेवावी; पेटी अंधाऱ्या, निवांत जागी राहावी; आत खायला काहीही घालू नये, हळद नको, दूध नको. परसात आणि मांडवांवर नायलॉनच्या जाळ्या लावणाऱ्यांनी त्या जमिनीपासून हातभर उंच बांधाव्यात आणि रोज सकाळी पाहाव्यात. पंचमीला देवळाच्या आवारात टोपली येऊ देऊ नये. मातीचा नाग पाटावर बसवावा आणि दुधाचा नैवेद्य दाखवून झाल्यावर तो आवारातल्या मुलांना वाटावा. श्रावणाला अवकाश आहे, समित्यांच्या सभा त्याआधी व्हायच्या आहेत. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेणाऱ्या कोणत्याही देवस्थानाला ठरावाचा मसुदा हवा असल्यास आम्ही तो विनाशुल्क करून पाठवू; संपादकांच्या पत्त्यावर एक पत्र टाकावे.